प्रभूच्या येण्याची वाट पाहणाऱ्या मंडळीने वसतिगृहे आणि दवाखाने का चालवावेत?

पहारेकरी (मूळ लेख)

सर्वांना सप्रेम जय ख्रिस्त.

नाताळाआधीच्या चार रविवारांच्या आगमनकाळाच्या तोंडावर आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) सभेत मुलींच्या जुन्या वसतिगृहाच्या दुरुस्तीचा खर्च चर्चेला आला. तेव्हा एका वडीलधाऱ्या सभासदांनी असे मत मांडले की प्रभूचे येणे जवळ आले आहे, हे जग अग्नीत लयाला जाणार आहे, म्हणून मंडळीने आपला पैसा आणि माणसे दगडविटांत न अडकवता फक्त सुवार्तेच्या, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश सांगण्याच्या, कामाला लावावीत. हे मत प्रामाणिक श्रद्धेतून आलेले आहे आणि ते अनेक मंडळ्यांत ऐकू येते, म्हणून त्याचा येथे नीट विचार व्हावा अशी माझी इच्छा आहे. ख्रिस्ताच्या दुसऱ्या येण्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि त्या विश्वासामुळेच मला वसतिगृहाचे छप्पर दुरुस्त करणे हे मंडळीचे कर्तव्य वाटते.

ग्रीसमधील थेस्सलनीका येथील पहिल्या शतकातील मंडळीचे उदाहरण सर्वांत जवळचे आहे. प्रेषित पौलाने इसवी सन 50 च्या सुमारास त्या मंडळीला जे पहिले पत्र लिहिले, त्याच्या चौथ्या अध्यायात प्रभू स्वर्गातून उतरेल आणि त्याच्यावर विश्वास ठेवून मेलेले प्रथम उठतील हे सुप्रसिद्ध वचन आहे. परंतु त्याच्या लगेच आधी, अकराव्या आणि बाराव्या वचनांत, शांतपणे राहावे, आपापला व्यवसाय करावा आणि आपल्या हातांनी काम करावे अशी आज्ञा आहे. अंत्यविधीच्या वेळी आपण तेराव्या वचनापासून वाचायला सुरुवात करतो, त्यामुळे ही जोडणी आपल्या कानांवरच पडत नाही. दुसऱ्या पत्रात तर तो काम करायची इच्छा नसणाऱ्याने खाऊही नये इतके कठोर शब्द वापरतो. हे लिहिणारा मनुष्य स्वतः तंबू करण्याचा धंदा करीत होता आणि कोणावर भार पडू नये म्हणून रात्रंदिवस कष्ट करीत होता. प्रभू आपल्या हयातीत येऊ शकेल असे मानणाऱ्या माणसाने हे केले, हे लक्षात घेतले पाहिजे.

बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय मला याहूनही महत्त्वाचा वाटतो. प्रभूचे येणे जवळ आहे, धीर धरा, असे तो सांगतो. पण त्याच्या काही ओळी आधी तो शेत कापणाऱ्या मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि त्या मजुरांचा आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी पोहोचला आहे असे लिहितो. मजुराची मजुरी वेळेवर चुकती करणे आणि प्रभूच्या येण्याची वाट पाहणे या दोन गोष्टी त्याच्या लेखी एकाच विषयाचा भाग आहेत. पुढे तो शेतकऱ्याचे उदाहरण देतो. आपल्या कोरडवाहू भागातल्या कोणालाही ते समजावून सांगावे लागणार नाही, कारण मृगाच्या पावसाकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्याची नांगरट आणि कुळवणी आधीच झालेली असते. पाऊस पाडणे त्याच्या हातात नसते, पण ज्याने रान तयार ठेवले नाही त्याने वाट पाहिली असे कोणी म्हणत नाही.

आपल्या महाराष्ट्रात या आशेने जगलेली व्यक्ती शोधायची तर पंडिता रमाबाईंपासून सुरुवात करावी लागते. 1897 आणि 1900 च्या दुष्काळांत त्यांनी उपाशी मरणाऱ्या शेकडो मुली आणि स्त्रिया केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणल्या, त्यांच्यासाठी विहिरी खणल्या, शेती उभी केली, छापखाना चालवायला शिकवले. त्याच मुक्तीमध्ये 1905 साली मोठी आध्यात्मिक जागृती झाली. प्रभूची वाट पाहणे आणि अनाथ मुलीच्या अन्नवस्त्राची तजवीज करणे यांतले एक निवडावे लागते असे त्यांना कधी वाटलेले दिसत नाही.

धन्य आशा (प्रतिक्रिया)

पहारेकरी भाऊ, आपला लेख मी दोनदा वाचला. वसतिगृहाला माझा विरोध नाही, पण आपण ज्या धोक्याविरुद्ध लिहीत आहात तो आजच्या मंडळीचा खरा धोका आहे असे मला वाटत नाही. किती मंडळ्यांमध्ये लोक प्रभूच्या येण्याची वाट पाहत कामधंदा सोडून बसले आहेत? मला तरी एकही ठाऊक नाही. उलट, शाळांच्या समित्या, मालमत्तेचे खटले, विश्वस्तांच्या निवडणुका आणि इमारतींचे भाडे यांत आकंठ बुडालेल्या मंडळ्या मात्र आपल्या डोळ्यांसमोर आहेत. तेथे नाताळ थाटात साजरा होतो, पुनरुत्थानदिनी (ईस्टरला) मंदिर भरून जाते. पण आगमनकाळाच्या चार रविवारी प्रभूच्या दुसऱ्या येण्याविषयी एकही संदेश ऐकायला मिळत नाही. भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या प्रत्येक प्रभुभोजनाच्या वेळी आपण तो येईपर्यंत त्याच्या मरणाची घोषणा करतो आणि घरी जाऊन तो येणारच नाही असे व्यवहार करतो.

रमाबाईंचे उदाहरण आपण दिले, पण त्याचा क्रम पाहा. 1904 मध्ये वेल्समध्ये झालेल्या जागृतीच्या बातम्या ऐकल्यावर त्यांनी आणखी एखादी इमारत बांधण्याची योजना पुढे आणली नाही. त्यांनी मुलींना प्रार्थनेसाठी एकत्र बसवले. विहिरी, शेती आणि छापखाना हाताशी असतानाही आपल्या संस्थेत काहीतरी कमी आहे हे त्यांना जाणवले होते. त्या जाणिवेला आपल्या लेखात जागा मिळालेली नाही. पेत्राच्या दुसऱ्या पत्राचा तिसरा अध्याय सरळ सांगतो की आकाश नाहीसे होईल आणि सृष्टितत्त्वे तप्त होऊन लयास जातील. ज्याचा शेवट असा होणार आहे त्याच्यावर मंडळीने आपले हृदय किती ठेवावे? एकोणिसाव्या शतकातले अमेरिकन प्रचारक मूडी म्हणत असत की हे जग त्यांना फुटलेल्या जहाजासारखे दिसते आणि देवाने त्यांच्या हाती एक बचावनौका देऊन जितक्यांना वाचवता येईल तितक्यांना वाचवायला सांगितले आहे. मला हे म्हणणे अजूनही पटते.

इतिहासाचा विद्यार्थी

मी ख्रिस्ती नाही, पण विषय महत्त्वाचा आहे म्हणून लिहितो. आपण दोघेही एक गोष्ट गृहीत धरत आहात, आणि ती म्हणजे ही आशा माणसाला चांगले घडवते. इतिहासात याच्या उलट दाखलेही आहेत. अमेरिकेतील विल्यम मिलर या शेतकरी उपदेशकाच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 हा ख्रिस्ताच्या येण्याचा दिवस मानला होता. त्यांच्यापैकी काहींनी शेतातले पीक काढले नाही, काहींनी धंदे बंद केले, आणि तो दिवस उलटल्यावर हजारो माणसे मोडून पडली. 21 मे 2011 या तारखेसाठी अमेरिकन रेडिओ प्रचारक हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी ख्रिस्ताच्या येण्याविषयी केलेल्या प्रचारावर लोकांनी आपली आयुष्यभराची बचत खर्च केली. जवळजवळ दोन हजार वर्षे जे घडले नाही त्याच्या भरवशावर नीती उभारण्यापेक्षा, मुलींना निवाऱ्याची गरज आहे म्हणून छप्पर दुरुस्त करावे, एवढे कारण पुरेसे का नसावे? श्रद्धावंताने न्यायाधीशाच्या भीतीने केलेल्या दयेपेक्षा माणुसकीने केलेली दया मला श्रेष्ठ वाटते.

पहारेकरी

आधी इतिहासाच्या विद्यार्थ्यांना उत्तर देतो, कारण त्यांचा प्रश्न अधिक मुळाशी जाणारा आहे. मिलर आणि कॅम्पिंग यांनी तारीख काढली. आणि तो दिवस व ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही असे खुद्द येशूने सांगितलेले असताना काढली. त्यांच्यामुळे ज्या कुटुंबांची धूळधाण झाली त्यांच्याविषयी मंडळीने दुःख मानलेच पाहिजे, आणि आजही समाजमाध्यमांवर युद्धाची प्रत्येक बातमी घेऊन हिशेब मांडणाऱ्यांना मंडळीनेच थांबवले पाहिजे.

परंतु माणुसकी हे कारण पुरेसे आहे का, याविषयी माझे मत वेगळे आहे. ज्या मुलीचे छप्पर दुरुस्त होऊनही ती विसाव्या वर्षी क्षयाने गेली, तिला आपली माणुसकी काय देते? ज्याची मजुरी बुडवली गेली आणि जो ती न मिळताच मेला, त्याचा न्याय कोणी करायचा? ख्रिस्ती आशा भविष्याविषयीच्या उत्सुकतेपेक्षा पुष्कळ मोठी आहे. जे अन्याय इतिहासात मिटले नाहीत ते देवाच्या लेखी मिटलेले नाहीत आणि मेलेल्यांचीही दाद लागणार आहे, असे ती सांगते. ही आशा काढून घेतली तर दया शिल्लक राहते हे मी मान्य करतो, आणि कित्येक अश्रद्ध माणसांची दया आम्हा विश्वासणाऱ्यांना लाजवणारी आहे. पण ज्यांच्यापर्यंत ती दया वेळेत पोहोचली नाही त्यांच्यासाठी मग कोणताच शब्द उरत नाही.

आता धन्य आशा यांच्याकडे वळतो. पेत्राने त्याच अध्यायात या अग्नीची तुलना नोहाच्या काळच्या जलप्रलयाशी केली आहे. तेव्हाचे जग पाण्याने बुडून नाश पावले असे तो म्हणतो, पण त्या प्रलयानंतर नोहाने ज्या भूमीवर पाय ठेवला ती हीच भूमी होती. शिवाय रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात सृष्टी नाशाच्या दास्यातून मुक्त होण्याची आशा बाळगून कण्हत आहे असे पौल लिहितो, आणि जिचा केवळ नायनाट व्हायचा आहे तिला मुक्तीची आशा कशी असेल? करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पुनरुत्थान आणि शेवटचा कर्णा यांविषयी इतके भव्य लिहून झाल्यावर तो जो निष्कर्ष काढतो तो पाहावा: म्हणून प्रभूच्या कामात सदा तत्पर असा, कारण तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. सगळे जळून जाणार असते तर श्रम व्यर्थच ठरले असते.

धन्य आशा

श्रम प्रभूमध्ये व्यर्थ नाहीत असे पौल म्हणतो, प्रत्येक इमारत टिकेल असे म्हणत नाही. त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात प्रत्येकाचे काम अग्नीने पारखले जाईल आणि लाकूड, गवत, पेंढा जळून जाईल हेही त्यानेच लिहिले आहे. वसतिगृहात राहणाऱ्या मुलीला ख्रिस्ताची ओळख झाली नाही, तर ते काम यांपैकी कशात मोडेल याचा विचार आपण करावा.

गव्हाचा दाणा

मी अनेक वर्षे मंडळीच्या भगिनीमंडळात काम करीत आहे, म्हणून थोडे लिहिते. धन्य आशा भाऊंच्या शेवटच्या वाक्याने मला फार वाईट वाटले. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात मनुष्याचा पुत्र गौरवाने आल्यावर लोकांना मेंढरे आणि शेरडे यांसारखे वेगळे करतो, तेव्हा तो भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र आणि आजाऱ्याची व बंदिवानाची भेट एवढेच विचारतो. अन्न दिल्यावर त्याचा विश्वास तपासला होता का, असा प्रश्न त्या न्यायाच्या दिवशी विचारलेला नाही. वराची वाट पाहताना दिव्यांसाठी तेल जवळ ठेवणाऱ्या आणि न ठेवणाऱ्या दहा कुमारींचा आणि धन्याने दासांना सोपवलेल्या पैशांचा हे दोन्ही दाखले याच अध्यायात त्याच्या आधी येतात, म्हणजे जागे राहणे कसे असते हे सांगता सांगता येशू या न्यायाच्या दृश्यापाशी येऊन पोहोचतो. तेल भरून ठेवणे म्हणजे काय, याचे उत्तर मला तेथे मिळते.

तथापि पहारेकरी भाऊंनाही एक गोष्ट सांगायची आहे. आपल्या लेखात काम, कर्तव्य आणि न्याय यांविषयी पुष्कळ आहे, पण सांत्वन फारच थोडे आहे. पौलाने थेस्सलनीकाकरांना प्रभूच्या उतरण्याचे ते वचन आळशांना कामाला लावण्यासाठी लिहिले नव्हते. ज्यांची माणसे गेली होती त्यांनी आशा नसलेल्या लोकांसारखा शोक करू नये म्हणून लिहिले, आणि या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करा असे शेवटी सांगितले. मुलगा गेलेल्या आईच्या शेजारी मी कित्येकदा बसले आहे. तिला सृष्टीच्या मुक्तीपेक्षा आपला मुलगा पुन्हा दिसेल की नाही हे जाणून घ्यायचे असते. दिसेल, असे मी तिला ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या आधारावर सांगते. त्या वेळी मला सामाजिक कार्याचा कोणताही युक्तिवाद आठवत नाही आणि आठवावासाही वाटत नाही.

धन्य आशा

ताई, आपले मन दुखावले याबद्दल मला खेद वाटतो. उपाशी मुलीला अन्न देण्यापूर्वी तिचा विश्वास विचारावा असे मला म्हणायचे नव्हते. परंतु मत्तयाच्या त्या उताऱ्यात न्यायाधीश ‘माझे हे कनिष्ठ बंधू’ असे ज्यांना म्हणतो ते जगातले सर्व गरीब आहेत, की त्याच्या नावामुळे छळ सोसणारे शिष्य आहेत, याविषयी अभ्यासकांत जुना मतभेद आहे. मी दुसरे मत मानतो. गरिबांची सेवा करावी ही आज्ञा शास्त्रात इतरत्र भरपूर ठिकाणी आहे, म्हणून या एकाच उताऱ्यावर सगळा भार टाकण्याची गरज नाही.

पहारेकरी

ताईंचे म्हणणे मी मनापासून स्वीकारतो आणि ते माझ्या लेखाला जोडूनच वाचले जावे अशी इच्छा आहे.

धन्य आशा भाऊ, ‘कनिष्ठ बंधूं’विषयीचे आपले मत क्षणभर मान्य केले तरी त्या वसतिगृहातल्या मुलींपैकी कित्येकजणी ऊसतोड कामगार असलेल्या आपल्याच मंडळ्यांतील कुटुंबांच्या आहेत. आईवडील कारखान्याच्या हंगामाला सहा महिने बाहेर असताना या मुली गावी एकट्या राहिल्या तर त्यांची शाळा सुटते आणि लग्ने लवकर लावून दिली जातात. तेव्हा आपल्या अर्थानुसारही छप्पर दुरुस्त करावेच लागेल. आणि आपल्या मूळ तक्रारीविषयी सांगायचे तर आगमनकाळातील चारही रविवारी प्रभूच्या दुसऱ्या येण्यावरच उपदेश व्हावा ही मागणी मी आमच्या पाळकांपुढे लेखी मांडणार आहे. त्या निवेदनावर आपली सही असावी अशी माझी विनंती आहे.

धन्य आशा

सही अवश्य करीन. छपराच्या खर्चाला मात्र सभेत माझी एक अट राहील: वसतिगृहात रोज सायंकाळी शास्त्रवाचन आणि प्रार्थना पुन्हा सुरू व्हावी, आणि त्यासाठी पगारी अधीक्षिकेवर विसंबून न राहता मंडळीच्या सभासदांनी पाळीपाळीने तेथे जावे.

गव्हाचा दाणा

सोमवार आणि गुरुवार भगिनीमंडळाकडे द्यावेत. शास्त्रवाचनाला येणे मुलींच्या इच्छेवर असावे, आणि जी येणार नाही तिच्या जेवणात किंवा वागणुकीत कोणताही फरक होता कामा नये, हेही ठरावात स्पष्ट लिहावे.

इतिहासाचा विद्यार्थी

हे शेवटचे वाक्य ठरावात येणार असेल तर दुरुस्तीच्या निधीत माझीही वर्गणी घ्यावी. मेलेल्यांच्या न्यायाविषयी पहारेकरी यांनी जे लिहिले त्याला माझ्याकडे आज उत्तर नाही; मात्र उत्तर नसणे म्हणजे त्यांचे म्हणणे सिद्ध झाले असेही मी मानत नाही.