लॉटरी हुकली म्हणून होमस्कूलिंग?

लेक पात्र ठरूनही न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांच्या 'गिफ्टेड अँड टॅलेंटेड' (हुशार मुलांसाठीच्या खास) वर्गात लॉटरीत जागा मिळाली नाही, तेव्हा आता घरीच शिकवणार, असं तुम्ही लिहिलंय. चीड येणारच. पण या वर्गांसाठी चार वर्षांच्या पोरांची जी प्रवेशपरीक्षा व्हायची, ती २०२१ मध्येच बंद झाली. आता केजीसाठी प्री-केच्या (केजीच्या आधीच्या वर्गाच्या) शिक्षिका नाव सुचवतात आणि पुढे सरळ लॉटरी. त्यामुळे यात तिच्या हुशारीबद्दल काहीच ठरलेलं नाही. (हे भारतातल्या आजी-आजोबांना पटवणं वेगळंच काम!) शिवाय तिसरीला पुन्हा प्रवेश असतात.

होमस्कूलिंग जरूर करा, फक्त कागदपत्रांची तयारी ठेवा. न्यूयॉर्कमध्ये आधी इरादापत्र, मग वर्षाचा शिक्षण आराखडा, दर तिमाहीला अहवाल, वर्षअखेर मूल्यमापन. पहिली ते सहावी वर्षाला ९०० तास. तिसरीपर्यंत लेखी वर्णनात्मक मूल्यमापन चालतं, चौथी ते आठवी किमान वर्षाआड आणि नववीपासून दरवर्षी प्रमाणित चाचणी द्यावीच लागते. नदीपलीकडे न्यू जर्सीत यातलं जवळपास काहीच नाही.

मला खरी अडचण वेगळीच दिसते. तुम्ही दोघंही नोकरी करता ना? मग दिवसा तिच्याजवळ कोण बसणार?