चित्रं नेटवर दिसतात, मग गॅलरीत कशाला?
कुणीतरी विचारलंय की चित्रं मोबाईलवर दिसतात मग गॅलरीत जाऊन काय मिळतं. मिळतं की ओ, खूप मिळतं! कोल्हापुरात राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय एकदा बघून याच, पावडर शेडिंगची, म्हणजे कोरडी रंगाची पावडर कागदावर घासून काढलेली ती निसर्गचित्रं फोटोत नुसती धूसर दिसतात, पण समोर उभं राहिलं की पावडरीचा तो मऊपणा कळतो आणि पाय हलत नाही तिथनं. मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ ची, तिथं दर आठवड्याला चित्रं बदलतात, म्हणून कधी भारी कधी साधं, पण तिकीट नाही, जावा बिनधास्त. आणि आपल्या बेळगावात के. बी. कुलकर्णी सरांनी रवी परांजपेंसारखे चित्रकार घडवले, हे पोरांना माहीतच नाही याचं फार वाईट वाटतं बघा.