प्रति: सेरेब्रल पाल्सी आणि वाळूत चालणं
स्पास्टिक, म्हणजे सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूच्या इजेमुळे) स्नायू ताठ झालेल्या मुलाला गुहागरच्या वाळूत चालवावं का, असं वर विचारलंय. चालवा, पण सुरुबनाजवळच्या भुसभुशीत वाळूत नको. तिथे ताकद जवळपास दुप्पट लागते आणि मूल चवड्यांवरच जातं. ओहोटीला उघडी पडणारी ओली, घट्ट पुळण बरी. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून वेळ घड्याळावर नव्हे, पाण्यावर ठरवा. सुरुवातीला ५ मिनिटं पुरेत.

स्प्लिंटमध्ये (पायाला आधार देणाऱ्या पट्टीत) वाळू गेली की कातडी सोलते. स्प्लिंटशिवाय उभं राहता येत नसेल तर वाळूतच बसवा आणि दोन्ही हातांनी करवंटीत ओली वाळू दाबून भरायला लावा. कमकुवत हातही आपोआप कामाला लागतो. व्हीलचेअर मात्र उलटी ओढा, पुढची छोटी चाकं रुततात.