आइक टर्नरला श्रेय द्यायचं की नाही?

तारसप्तक:
अमेरिकन गायिका टीना टर्नर मे २०२३ मध्ये गेली, तेव्हा बहुतेक मृत्युलेखांत आइक टर्नर एकाच ओळखीने आला: बायकोला मारणारा नवरा. ते खरंच आहे आणि त्यावर पांघरूण घालायला मी हा धागा काढलेला नाही. पण मार्च १९५१ मध्ये मेम्फिसला सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत 'रॉकेट ८८' ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा आइक जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. बँड त्याचा, पियानोवर तोच. प्रवासात गिटारचा अँप्लिफायर खराब झालेला. दुरुस्तीला वेळ नाही म्हणून फाटक्या स्पीकरमध्ये कागद कोंबला आणि त्यातून तो खरखरीत, घोगरा आवाज निघाला, जो पुढे जगभरच्या गिटारवाल्यांनी मुद्दाम काढला. रॉक अँड रोलचं पहिलं गाणं कोणतं, या वादात हे गाणं कायम पुढे असतं. तबकडीवर मात्र नाव छापलं गायक जॅकी ब्रेन्स्टनचं. आपल्या हाती वीस डॉलर पडले, असं आइक सांगायचा.

टीना त्याला भेटली ती यानंतर काही वर्षांनी. मग हे श्रेयही काढून घ्यायचं का? माझ्या मते नाही. गुन्हा गुन्ह्याच्या जागी, पियानो पियानोच्या जागी.

मीरा_के:
१९५१ पुरतं मान्य. पण तुम्ही सोयीचं साल निवडलंत. १९६० वर या.

अ‍ॅना मे बुलक या मुलीच्या आवाजावर 'अ फूल इन लव्ह' चाललं. 'टीना टर्नर' हे नाव आइकने तिला न विचारता ठेवलं आणि त्याची नोंदणी स्वतःकडे केली, म्हणजे ही सोडून गेली तर त्याच नावाने दुसरी उभी करता यावी. मला हे पुढे करायचं नाही, असं ती म्हणाली तेव्हा त्याने बुटात घालायचा लाकडी साचा उचलून तिच्या डोक्यात हाणला. ती गरोदर होती. हे तिनेच सांगितलंय.

आता यात पियानोची जागा कुठली? ज्या बँडच्या शिस्तीचं कौतुक होतं, ती शिस्त याच हाताची. तालमीत, पैशात, घरात सगळीकडे एकच माणूस धाक घालत होता. तुम्ही म्हणता तशा दोन वेगळ्या जागा नाहीतच.

जुना_रेडिओ:
तारसप्तकशी सहमत. आइक नुसता टीनाचा नवरा नव्हता. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेत फिरून कलाकार हेरणं हे त्याचं काम होतं. बी. बी. किंग, हाउलिन वुल्फ या ब्लूज गायकांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत तो आहे. लोकांना आठवतो तो टीनावरच्या १९९३ च्या चित्रपटातला आइक, आणि चित्रपट म्हटला की तिखटमीठ आलंच. टीनाला स्वतःलाही तो सगळा पटला नव्हता. पडद्यावरून माणसाचा निवाडा करू नये.

मीरा_के:
चित्रपट बाजूला ठेवू. १९९९ च्या आत्मचरित्रात आइक स्वतःच कबूल करतो की टीनाला थोबाडीत मारल्या, कधी भान सुटून ठोसेही लगावले. आणि वर म्हणतो, 'मारहाण' मात्र कधी केली नाही! आरोपीचाच जबाब हा. आणखी काय हवं?

घाटावरचा:
या चर्चेत टीना नुसती मार खाणारी म्हणूनच दिसतेय, ते खटकलं. १९६६ मध्ये टीनाचं 'रिव्हर डीप, माउंटन हाय' हे गाणं करताना निर्माता फिल स्पेक्टरने आइकला स्टुडिओपासून लांब ठेवायला वीस हजार डॉलर मोजले. (हाच स्पेक्टर पुढे एका अभिनेत्रीच्या खुनात दोषी ठरला आणि २०२१ मध्ये कैदेत असताना मेला. या धंद्यात अशा किती जणांना 'प्रतिभावंत' म्हणून पाठीशी घातलं!)

जुलै १९७६ मध्ये डॅलसच्या हॉटेलातून टीना रक्ताळलेल्या चेहऱ्याने पळाली, महामार्ग ओलांडून समोरच्या हॉटेलात शिरली. जवळ ३६ सेंट आणि पेट्रोलचं कार्ड. १९७८ च्या घटस्फोटात गाण्यांच्या उत्पन्नावर पाणी सोडलं, पण नाव सोडलं नाही. १९८४ मध्ये त्याच नावावर 'प्रायव्हेट डान्सर' हा अल्बम जगभर खपला. आइकशिवाय. प्रतिभेचा हिशोब मांडायचाच, तर हेही धरा.

तारसप्तक:
घाटावरचा, यातलं काहीही मी नाकारत नाही. पण मीराताईंचा मुद्दा पुढे नेला तर दोघांनी मिळून गायलेलं 'प्राउड मेरी'ही ऐकता येणार नाही, आणि त्यात टीनाचंही नुकसान आहे. तिचा घाम आहे त्यात. माझी मागणी साधी आहे: 'रॉकेट ८८' वर लिहाल तिथे आइकचं नाव लिहा, आणि आइकवर लिहाल तिथे लाकडी साच्याबद्दलही लिहा. तळटीपेत नाही, मजकुरात.

मीरा_के:
एवढं झालं तर माझी हरकत नाही. 'प्राउड मेरी' ऐकू नका, असं मी म्हटलेलंच नाही. मी ऐकते. फक्त तिच्या मागे त्याचा तो खर्जातला आवाज सुरू झाला की मला नुसता सूर ऐकू येत नाही. आपल्याकडे 'कलावंत म्हणजे लहरी असायचाच' म्हणत घरातल्या बायकांना गप्प बसवलं जातं. माझा राग त्या सवयीवर आहे.

जुना_रेडिओ:
पण टीनाने त्याला माफ केलं होतं. २०१८ मध्ये तिने तसं सांगितलंय. मग आपण कोण?

मीरा_के:
त्याच बोलण्यात तिने हेही सांगितलं की आइकने आणखी एका दौऱ्यासाठी विचारलं होतं आणि तिने साफ नकार दिला. माफी द्यायचा हक्क तिचा होता, तिने तो बजावला. त्या माफीवर श्रोत्यांनी आपली पाटी कोरी करून घ्यायची नसते.