मदत हवी आहे: जिनिव्हाचा तलाठी कुठे असतो?

मंडळी, एम.ए. राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी विषय घेतलाय, 'देशांच्या वर केलेले कायदे देश का पाळतात?' घेताना भारी वाटला, आता गळ्याशी आलाय.

घोळ घरातच सुरू झाला. आमचा दोन एकर ऊस. दिवाळीत जेवताना अण्णांना सांगत होतो, की जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेत ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाने आपल्याविरुद्ध तक्रार केली आणि डिसेंबर 2021 मध्ये निकाल आपल्या विरोधात गेला. साखर निर्यातीचं अनुदान नियमात बसत नाही, एफआरपीमुळे (म्हणजे केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान भावामुळे) उसाला मिळणारा आधार उत्पादनाच्या किमतीच्या 10 टक्क्यांच्या मर्यादेबाहेर जातो, वगैरे. अण्णा भाकरी मोडत म्हणाले, "मग जप्तीला कोण येणार? जिनिव्हाचा तलाठी?" सगळे हसले, मीपण. रात्री वही उघडली तर उत्तर सुचेना.

बरं, अण्णांचंच खरं ठरलं. भारताने अपील केलं, आणि अपील ऐकणारं मंडळ डिसेंबर 2019 पासून बंद, कारण अमेरिका नेमणुकाच होऊ देत नाही. निकाल लटकला, एफआरपी चालूच.

पण मग हे बघा. बंगालच्या उपसागरातल्या हद्दीवरून बांगलादेशने आपल्याला लवादापुढे नेलं. जुलै 2014 मध्ये निकाल लागला: वादातल्या 25,602 चौ.कि.मी.पैकी 19,467 त्यांना. आपण मान्य करून मोकळे झालो. बांगलादेशच्या आरमाराला घाबरून? छे. आणि दोनच वर्षांनी, त्याच 1982 च्या समुद्र कायद्याखाली दक्षिण चीन समुद्राच्या वादात फिलिपिन्सच्या बाजूने निकाल लागला, तर चीनने तो सरळ धुडकावला.

सर म्हणतात, "परस्पर हितसंबंध लिही." लिहिलं, दीड पानात संपलं. भीती, फायदा, अब्रू यातलं नेमकं काय कुठे लागू होतं हे कसं ओळखायचं? (आणि 'कम्प्लायन्स'ला 'अनुपालन' सोडून बरा शब्द आहे का? लिहिताना दात दुखतात.)

कोयनाकाठ:
'पालन' लिही, कुणी मारत नाही.

बांगलादेशचं शेताच्या बांधासारखं बघ. वादातल्या पाण्यात तेल-वायू शोधायला कंपन्या कचरतात. चार हात कमी मिळाले तरी मोजणी होऊन दगड रोवला की विहीर तरी पाडता येते. शिवाय दोन्ही देश हक्क सांगत होते त्या न्यू मूर बेटाची जागा आपल्याकडे आली. बेट आधीच पाण्याखाली गेलं होतं, ती गोष्ट वेगळी.

साखरेत मात्र तू घाई करतोयस. निकाल फेकूनच द्यायचा असता तर अपील कशाला केलं असतं? पळवाटसुद्धा नियमांच्याच दारातून काढली. अजून एक: 2021-22 च्या हंगामात निर्यात अनुदान न देताच विक्रमी साखर बाहेर गेली, कारण जगात भाव चढे होते. कागदावर हे पालन दिसेल, पण ते कायद्यामुळे झालं की बाजारामुळे? तुझा प्रबंध इथे आहे. दीड पानात नाही संपायचा.

ऱ्हाइनकाठचा पाहुणा:
अण्णांचा तलाठी युरोपात सापडतो. नेदरलँड्समधल्या व्हान गेंड एन लोस या कंपनीने पश्चिम जर्मनीतून एक रसायन आणलं, त्यावरचं आयातशुल्क 3 वरून 8 टक्के झालं होतं. कंपनी आपल्याच देशातल्या न्यायाधिकरणात गेली: युरोपीय आर्थिक समुदायाच्या करारात तर सदस्य देशांनी आपसातलं शुल्क वाढवायचं नाही असं लिहिलंय. प्रश्न लक्झेंबर्गमधल्या समुदायाच्या न्यायालयाकडे गेला आणि 1963 मध्ये त्याने सांगितलं, की करारातला हक्क नागरिकाला थेट घरच्या न्यायालयात मागता येतो. म्हणजे जप्तीला बाहेरून कुणी यायला नको, आपलाच न्यायाधीश आपल्याच सरकारला अडवतो. स्वतःच्या न्यायालयाचं न ऐकणं सरकारला फार महागात पडतं. उपसागरातल्या निकालामागे असं कुणी नव्हतं, म्हणून ही दोन प्रकरणं एका कप्प्यात टाकू नकोस.

धागाकर्ता:
दोघांचे आभार, प्रकरणांची मांडणी बदलतोय. बांधाचं उदाहरण अण्णांना लगेच पटलं. फक्त त्यांनी पुढचा प्रश्न टाकला: चीनने तर मोजणीवाल्यालाच शेतात पाऊल टाकू दिलं नाही, सुनावणीलाही गेला नाही, तरी त्याच कायद्यात सही करून अजून का बसलाय? यावर कुणी सांगेल का?