मॅनेजरला सांगून टेबल जातं, माणूस नाही

टीपवर जगणाऱ्या वेट्रेसना गिऱ्हाइकांचा आगाऊपणा सोसावा लागतो, या मुद्द्यावर काहीजण म्हणतात, "गिऱ्हाईक आगाऊपणा करत असेल तर सरळ मॅनेजरला सांगावं, यात टीपचा काय संबंध?" हे म्हणणं पटलं नाही. संबंध पगाराच्या हिशोबातच आहे. अमेरिकेत टीपवर काम करणाऱ्यांना मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायचं किमान वेतन केंद्रीय कायद्याप्रमाणे ताशी २.१३ डॉलर आहे, आणि १९९१ पासून ते तसूभरही हललेलं नाही. सर्वसाधारण किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर, तिथपर्यंतची बाकी टीपमधून भरून निघावी (नाही निघाली तर मालकाने द्यावी, कागदावर तरी). म्हणजे जो मनगट धरतो, त्याच्याच हातात आजची कमाई. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टनसारख्या काही राज्यांत मालकांना टीप हिशोबात धरून कमी पगार देण्याची ही सवलत नाही, पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं.

आता मॅनेजरचं. मी तीन वर्षं टेबलं सांभाळली आहेत. एक नेहमीचा गृहस्थ बिलाचं फोल्डर घेताना माझ्या बोटांसकट धरून ठेवायचा आणि हसत विचारायचा, "आज किती ठेवू?" टीप मात्र दणदणीत. शेवटी मॅनेजरच्या कानावर घातलं. त्याने तत्परतेने काय केलं, तर ते टेबल माझ्याकडून काढून एका नव्या मुलीला दिलं. गृहस्थ तिथेच, खुर्चीही तीच. माझी त्या दिवसाची निम्मी कमाई तेवढी गेली. आठवड्याभराने त्या मुलीने विचारलं, "एवढं चांगलं टेबल तू सोडलंस कशाला?" मी "असंच" म्हणाले. ते अजून टोचतं.