हृदयविकाराच्या झटक्यानंतरचा दाह: औषधाने दाबावा की पुरता होऊ द्यावा?

औषधनिर्माता, घाटंजी (जि. यवतमाळ)

झटक्यातून वाचून नागपूरहून किंवा सेवाग्रामहून गावी परतलेल्या माणसाचा मुलगा थोड्याच दिवसांत आमच्या काउंटरवर येतो आणि वडिलांच्या गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची पट्टी मागतो. सोबत हमखास एक वाक्य असते: "सुजेची गोळी आहे, छातीतली सूजही उतरून जाईल." या समजुतीला माझा ठाम विरोध आहे आणि त्याचे कारण सविस्तर मांडतो.

रक्तपुरवठा तुटला की त्या भागातील स्नायुपेशी मरतात. मोठ्या झटक्यात त्यांची संख्या एक अब्जापर्यंत जाऊ शकते. हृदयाचा स्नायू पुन्हा नव्याने उगवत नाही म्हटले तरी चालेल, म्हणून मेलेला भाग साफ करून त्या जागी भरलेल्या जखमेचा बळकट वण, म्हणजे व्रण, तयार करणे एवढीच वाट शरीरापुढे उरते. पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी तिथे जमतात आणि मृत पेशींचे अवशेष मोडू लागतात. त्यांच्यामागून मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी येतात. या पेशींचा मोठा राखीव साठा पाणथरीत (प्लीहेत) असतो आणि झटक्यानंतर तो रक्तात उतरतो, हे 2009 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून समोर आले. पऱ्हाटी उपटून रान मोकळे झाल्याशिवाय पुढची पेरणी होत नाही, तसेच हे आहे.

मात्र पेशींच्या या धावपळीने होणारा दाह (आपण म्हणतो ती सूज) आपोआप विझत नाही, त्याला ओसरवणारी स्वतंत्र यंत्रणा शरीरात आहे. काम संपलेले न्यूट्रोफिल ठरलेल्या पद्धतीने मरतात, मोनोसाइटपासून बनलेल्या मॅक्रोफेज पेशी त्यांना गिळतात, आणि या गिळण्यानेच मॅक्रोफेजचा स्वभाव पालटतो: जी पेशी दाह वाढवत होती तीच आता दुरुस्तीचे संदेश सोडू लागते. लिपॉक्सिन हे दाह ओसरवणारे मेद-रेणू 1984 मध्ये सापडले. पुढे 2000 च्या सुमारास चार्ल्स सेर्हान यांच्या बोस्टन येथील गटाने ओमेगा-3 मेदाम्लांपासून बनणारे त्याच कामाचे रेणू, रिझॉल्विन, शोधले. यानंतर त्या जागी कोलॅजन हे तंतुमय प्रथिन भरत जाते आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांत व्रण पक्का होतो. हा क्रम मध्येच मोडला तर व्रण कच्चा राहतो; दाह रेंगाळला तर हृदय पसरत जाऊन निकामी होऊ लागते. म्हणून माझे म्हणणे असे की, या काळात दाह दाबण्याचा हव्यास धरू नये आणि त्याला त्याच्या क्रमाने संपू द्यावे.

डॉक्टर, वर्धा

भाऊ, डायक्लोफेनॅक देऊ नये, या आपल्या निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत आहे. परंतु त्यासाठी दिलेले कारण मला मान्य नाही. या गोळ्यांचा मुख्य धोका रक्ताची गुठळी होण्याशी आणि मीठ-पाणी शरीरात साठण्याशी जोडलेला आहे. डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींवरून 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, झटका येऊन गेलेल्या रुग्णांत अशा वेदनाशामकांचा अगदी थोड्या दिवसांचा वापरही मृत्यू किंवा दुसरा झटका यांचा धोका वाढवणारा आढळला, आणि त्यात डायक्लोफेनॅक सर्वांत वाईट ठरले. युरोपच्या औषध नियामकाने 2013 मध्ये अशा रुग्णांसाठी ते वर्ज्य ठरवले. आयबुप्रोफेन हे वेदनाशामक तर गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या अ‍ॅस्पिरिनची वाटच अडवते. यापैकी एकाही गोष्टीवरून "दाह पुरता होऊ द्यावा" हे सिद्ध होत नाही.

उलट दाह कमी केल्याने लाभ झाल्याचा पुरावा आहे. 2017 च्या कॅन्टोस चाचणीत, पूर्वी झटका येऊन गेलेल्या आणि रक्तात दाहाची खूण टिकून असलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांना कॅनाकिनुमॅब हे दाह कमी करणारे इंजेक्शन दिले. मधल्या मात्रेत झटका, पक्षाघात व हृदयमृत्यू मिळून 15 टक्क्यांनी घटले. 2019 च्या कोलकॉट चाचणीत झटक्यानंतरच्या 30 दिवसांत सुरू केलेल्या अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसिन या दाह कमी करणाऱ्या औषधाने अशा घटनांचे प्रमाण 7.1 वरून 5.5 टक्क्यांवर आणले. दाहाला "त्याच्या क्रमाने संपू द्यावे" हे वाक्य आपण जबाबदारीने लिहिले असेल, पण आमच्याकडे तेच वाक्य ऐकून माणसे चालू गोळ्या बंद करतात आणि महिनाभरात पुन्हा स्ट्रेचरवर येतात. माझी खरी काळजी ती आहे.

औषधनिर्माता, घाटंजी

डॉक्टरसाहेब, आपण दिलेले आकडे बरोबर आहेत. त्यांच्या पुढचा भागही वाचकांसमोर यावा. कॅन्टोसमध्ये जीवघेणे संसर्ग वाढले आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. कोल्चिसिनची याहून मोठी, सात हजारांवर रुग्णांची चाचणी 2024 मध्ये आली आणि तिच्यात लाभ दिसला नाही. 1970 च्या दशकात झटक्याच्या रुग्णांना मिथाइलप्रेडनिसोलोन हे दाह दाबणारे स्टेरॉइड देऊन पाहिले, तेव्हा 1976 मध्ये इजा वाढल्याची नोंद झाली. 1980 च्या दशकात कुत्र्यांवरील प्रयोगांत इंडोमेथॅसिन व आयबुप्रोफेन या वेदनाशामकांनी व्रण पातळ झाला. गुठळीचा धोका मुख्य आहेच, पण व्रणाचा प्रश्न त्यामुळे रद्द होत नाही.

अ‍ॅस्पिरिनचे उदाहरण मला विशेष बोलके वाटते. तेच औषध शरीरात लिपॉक्सिनचा एक प्रकार तयार करवते, म्हणजे दाह ओसरवण्याच्या कामाला हातभार लावते. तेव्हा चालू गोळ्या बंद करा, असे माझ्या म्हणण्यातून कोणी काढू नये. अ‍ॅस्पिरिनचा एक दिवसही चुकवू नये.

शेतकरी कुटुंबातील वाचक, कुरखेडा (जि. गडचिरोली)

आपणा दोघांचे वाचून मन लावून विचार केला, तरी एक तक्रार राहते. आमच्या भागात छातीत कळ आल्यावर आधी ॲसिडिटीची गोळी, मग सोडा, मग गावातला डॉक्टर, आणि रात्र असेल तर पहाटेची वाट असा प्रवास होतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जितके उशिरा मिळते तितका अधिक स्नायू मरतो, आणि जितका अधिक स्नायू मरतो तितका दाहही मोठा. दाह दाबावा की नाही हा प्रश्न आमच्यासाठी नंतरचा आहे. पहिल्या तासाभरात 108 ला फोन झाला, तर साफ करायला मागे कमीच उरेल. या चर्चेत तो मुद्दा सर्वांत वर हवा होता.

गृहिणी, तिवसा (जि. अमरावती)

ओमेगा-3 चा उल्लेख आला म्हणून विचारते. आमच्या घरी जवसाची चटणी रोज ताटात असते. झटक्यानंतर तिचा उपयोग होतो का? आणि कोल्चिसिन ज्या कळलावीत असते, तिचा कंद उगाळून देणारे एक वैदू आमच्या शेजारी येऊन गेले, त्याविषयीही कृपया लिहावे.

डॉक्टर, वर्धा

ताई, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तो जिवाशी संबंधित आहे. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, वर वळलेल्या पिवळ्या-लाल पाकळ्यांची ती वेल सुंदर दिसते, पण तिच्या कंदातील कोल्चिसिन माणूस मारण्याइतके असू शकते. औषधातील मात्रा अर्धा मिलिग्रॅम मोजून दिलेली असते. उगाळलेल्या कंदात किती उतरले हे कोणालाही सांगता येत नाही. तो कंद घरात ठेवूच नका. जवसाची चटणी बेताच्या मिठाची अवश्य खा, फक्त तिच्यातील ओमेगा-3 वेगळे आहे आणि रिझॉल्विन ज्या मेदाम्लांपासून बनतात त्यांत त्याचे रूपांतर फार थोडे होते. ती मेदाम्ले मुख्यतः मासळीतून मिळतात.

कुरखेड्याच्या वाचकांचा क्रम मला शंभर टक्के मान्य आहे. घाटंजीच्या भाऊंशी माझा कोल्चिसिनबाबतचा मतभेद कायम आहे. दोन चाचण्या परस्परविरोधी असताना निवडक रुग्णांना हृदयरोगतज्ज्ञाने ते द्यावे, या मताचा मी आहे. मात्र दाह ओसरण्यास गोळीवाचून मदत होईल अशी एक गोष्ट आहे आणि तिच्यावर आमचे दुमत होणार नाही. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले की झटक्यानंतर मोनोसाइट मेंदूत जाऊन झोप वाढवतात आणि त्या झोपेने हृदयातील दाह आटोक्यात राहतो; झोपमोड केलेल्या उंदरांत तो वाढला, आणि झटक्यानंतरच्या आठवड्यांत नीट न झोपलेल्या रुग्णांची पुढील प्रकृतीही खालावलेली आढळली. आपल्याकडे रुग्ण घरी आला की पंचक्रोशी भेटायला येते, रात्री अकरापर्यंत बाजेभोवती खुर्च्या असतात आणि दर नव्या पाहुण्याला सगळी हकिकत रुग्णाकडूनच वदवून घेतली जाते. भेटणाऱ्यांना पहिले महिनाभर ओसरीवरच चहा द्यावा, आणि गुडघा दुखत असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्यावी.